स्क्रिप्टमधून की व्हॉल्टमध्ये पासवर्ड टाकायचे, पण काट्यावरच्या कॉम्प्युटरचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरचं सगळं काम बघणाऱ्या भाऊंनी पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड भाषेत, स्क्रिप्ट लिहिली आहे. कापसाची गाडी काट्यावरून रिकामी होऊन परत मोजली गेली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजन आणि भावाचा एसएमएस जातो, आणि काटापावतीची नोंद क्लाउडमधल्या डेटाबेसमध्ये होते. त्याला लागणारी एसएमएस कंपनीची एपीआय की (त्यांची सेवा स्क्रिप्टमधून वापरण्याची किल्ली), डेटाबेसचा पासवर्ड वगैरे आजवर स्क्रिप्टशेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये असायचं. आता मालकांनी आणखी खरेदी केंद्रं जोडली, म्हणून हे सगळं अझुर की व्हॉल्टमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या पासवर्डच्या तिजोरीत, हलवायचं ठरलं. एक्सेलमधली यादी वाचून एकेक सीक्रेट (म्हणजे असा पासवर्ड किंवा की) व्हॉल्टमध्ये टाकणारी दुसरी स्क्रिप्ट भाऊंनी केली. ती लॅपटॉपवर अर्धी चालते, गेलेल्यांपैकी काही पासवर्ड नंतर लागत नाहीत. केंद्रांपैकी एका ठिकाणी पॉवरशेलला अझुरशी जोडणारं मॉड्युलच बसत नाही, बाकी ठिकाणी ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा एरर, येतो. विचारलं आहे: चुकतं कुठे, हे सुरक्षित आहे का, आणि मालक विचारतात महिन्याला खर्च किती?

भाऊ, अडतं कुठे ते आधी उरकू. ते सोपं आहे. सुरक्षिततेला वेळ लागेल.

अर्धी यादी का जात नाही, हे तुम्ही दिलेल्या नावांवरूनच कळतं. तुमच्या नावांत अंडरस्कोर आहे. की व्हॉल्टमध्ये सीक्रेटच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन चालतो, लांबी १ ते १२७. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची सवय असलेल्या माणसाचा हात अंडरस्कोरवरच जातो, इथे तो चालत नाही. स्क्रिप्टमध्ये नाव पाठवण्याआधी अंडरस्कोरच्या जागी हायफन टाकणारी एक ओळ घाला, काम झालं. आणि चाचणीसाठी टाकलेलं सीक्रेट पुसून त्याच नावाने परत टाकायला गेलात तर 'कॉन्फ्लिक्ट' येईल. पुसलेलं सीक्रेट लगेच नाहीसं होत नाही. व्हॉल्टच्या सेटिंगप्रमाणे ७ ते ९० दिवस ते मागे राहतं, काही न बदलल्यास ९०. ते परत आणा, म्हणजे रिकव्हर करा, आणि त्यावर नवी आवृत्ती टाका. खरं तर पुसायची गरजच नसते. त्याच नावाने पुन्हा सेट केलं की नवी आवृत्ती तयार होते आणि वाचणाऱ्याला आपोआप तीच मिळते.

व्हॉल्टमध्ये गेलेले पण न लागणारे पासवर्ड, हा मात्र एक्सेलचा वांधा आहे. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, पुढच्या जागी शून्य बसवतं. तुमच्या यादीतली नुसत्या आकड्यांची लांब टोकनं तिथेच बिघडली. शून्याने सुरू होणाऱ्या पिनमधला पहिला शून्य गळतो. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड त्याला सूत्र वाटतो. यादीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर फाइल) नोटपॅडमध्ये उघडून बघा, एक्सेलमध्ये नको, कारण नुसती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली फाइलही बिघडते. दुसरा चोर म्हणजे शेवटचा एंटर. फाइलमधून मजकूर अख्खा उचलला तर ओळ संपल्याची खूणही पासवर्डच्या शेपटाला चिकटून व्हॉल्टमध्ये जाते. पोर्टलवर बघितलं तर पासवर्ड अगदी बरोबर दिसतो आणि डेटाबेस मात्र लॉगिन नाकारतो. तिसरा डॉलर. पॉवरशेलमध्ये दुहेरी अवतरणात लिहिलेल्या पासवर्डात डॉलर असेल तर त्यापुढचा शब्द व्हेरिएबल समजला जातो. तसा व्हेरिएबल नसतो, म्हणून तेवढा तुकडा गायब होतो, एरर काही येत नाही. एकेरी अवतरण वापरा.

हे पकडण्याची माझी पद्धत साधी आहे. सीक्रेट टाकलं की स्क्रिप्टनेच ते परत वाचायचं, मूळ मजकुराशी आतल्या आत ताडायचं, आणि पडद्यावर फक्त नाव, अक्षरांची संख्या आणि 'जुळलं' किंवा 'जुळलं नाही' एवढंच छापायचं. बत्तीस अक्षरांच्या एपीआय कीची लांबी चौतीस दिसली की विंडोजचा एंटर चिकटला हे न बघता कळतं. सीक्रेट स्वतः कधीही छापायचं नाही, तपासणीच्या नावाखालीसुद्धा नाही.

आता केंद्रं. जिथे मॉड्युल बसत नाही तो कॉम्प्युटर बहुतेक विंडोज ७चा असणार. त्यात मुळात पॉवरशेल २ येतं, आणि जिथून मॉड्युल उतरतात त्या पॉवरशेल गॅलरीने एप्रिल २०२०पासून टीएलएस (नेटवरची जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत) १.२च्या खालची जोडणी बंद केली आहे. की व्हॉल्टलाही किमान टीएलएस १.२ लागतं. विंडोज ७ला जानेवारी २०२०नंतर मायक्रोसॉफ्टचा आधार नाही. काट्याचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणून तो डबा हलवता येत नाही, हे मी बऱ्याच जिनिंगांत बघतो. चालू द्या, पण त्याला वजन वाचण्यापुरतं ठेवा. क्लाउडशी बोलायचं काम शेजारच्या दुसऱ्या मशीनला द्या.

आणि ४०३. केंद्राच्या खात्याला तुम्ही 'काँट्रिब्युटर' केलंत, तरी फॉरबिडन. अझुरमध्ये व्हॉल्ट सांभाळायचे अधिकार वेगळे आणि व्हॉल्टच्या आतलं बघायचे-ठेवायचे अधिकार वेगळे. रोलवर चालणाऱ्या व्हॉल्टमध्ये 'ओनर' असलात तरी आतलं आपोआप हाताला लागत नाही. टाकायचं असेल तर 'की व्हॉल्ट सीक्रेट्स ऑफिसर' हा रोल लागतो, नुसतं वाचायचं असेल तर 'की व्हॉल्ट सीक्रेट्स यूजर'. रोल दिल्यावर लागू व्हायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात अधीर होऊन आणखी चार रोल देऊन ठेवू नका, नंतर ते कुणी काढत नाही.

पण केंद्रावरच्या खात्याला ऑफिसर रोल द्याच कशाला? तो ४०३ योग्य जागी आला आहे. सीक्रेट टाकणं हे वर्षातून मोजक्या वेळा, एका माणसाने, एका मशीनवरून करायचं काम आहे. सीक्रेट वाचणं हे मशीनने रोज करायचं काम आहे. तुम्ही दोन्हीसाठी एकच खातं आणि जवळपास एकच स्क्रिप्ट ठेवली. त्यामुळे काट्यावर बसलेल्या कुठल्याही पोराच्या हाती सगळ्या केंद्रांचे पासवर्ड बदलायची ताकद जाते. पोरगा प्रामाणिकच असेल, पण त्याच कॉम्प्युटरवर तो पेनड्राइव्हवरून सिनेमेही उतरवतो. टाकणारी स्क्रिप्ट तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्या नावाच्या खात्याने, मोबाइलवर दुसरी खात्री मागणाऱ्या लॉगिनने चालवा. ती केंद्रावर पाठवूच नका.

आता सुरक्षिततेचं. व्हॉल्टमध्ये पोचलेलं सीक्रेट सुरक्षित असतं, मायक्रोसॉफ्टची ती बाजू पक्की आहे. गळती वाटेत होते. तुमच्या बाबतीत वाट अशी: एसएमएस कंपनीने ईमेलवर एपीआय की पाठवली, तुम्ही ती व्हॉट्सअ‍ॅपवर मुनीमजींना पाठवली, त्यांनी एक्सेलमध्ये चिकटवली, एक्सेल पेनड्राइव्हवर आली, तिची सीएसव्ही झाली, सीएसव्ही डाउनलोड फोल्डरमध्ये पडून आहे. म्हणजे सहा ठिकाणी ती की उघडी आहे आणि सातव्या ठिकाणी कुलूपबंद. म्हणून क्रम उलटा करा. जुनं सीक्रेट व्हॉल्टमध्ये हलवू नका. एसएमएस कंपनीच्या पॅनलवर नवी की बनवा, डेटाबेसचा पासवर्ड नवा करा, ते नवं थेट व्हॉल्टमध्ये टाका, स्क्रिप्ट त्याच्यावर चालते याची खात्री झाली की जुनं रद्द करा. मग जुन्या एक्सेली कुठे कुठे पडल्यात हे शोधत फिरायला नको. स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) असेल आणि कधीकाळी पासवर्ड त्यात होता, तर नव्या कमिटमध्ये काढून भागत नाही, जुना कमिट इतिहासात राहतो. तिथेही उपाय हाच, पासवर्ड बदलणे.

टाकताना मागे राहणाऱ्या खुणा वेगळ्या. कमांडच्या ओळीत थेट पासवर्ड लिहून एंटर मारला की पॉवरशेल ती ओळ आपल्या इतिहासाच्या फाइलमध्ये साध्या मजकुरात उतरवून ठेवतं. हा इतिहास लिहिणाऱ्या पीएसरीडलाइनच्या नव्या आवृत्त्या 'पासवर्ड', 'सीक्रेट', 'टोकन' असे शब्द दिसणाऱ्या ओळी फाइलमध्ये लिहीत नाहीत, पण विंडोज १०सोबत मुळात येणारी आवृत्ती जुनी आहे. त्या भरवशावर राहू नका. अझुर सीएलआयने, म्हणजे अझुरच्या कमांड साधनाने, सीक्रेट सेट केलं तर उत्तरात ते सीक्रेट पुन्हा पडद्यावर छापलं जातं. शेजारी मुनीमजी उभे आहेत एवढाच प्रश्न नाही, ते आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवलं असेल तर तिथेही बसतं. आउटपुट 'नन' (none, म्हणजे काहीच छापू नको) करा. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे पडद्यावरचं सगळं फाइलमध्ये उतरवणं, चालू असेल तर त्यातही येतं. आणि विंडोजमध्ये स्क्रिप्ट-ब्लॉक लॉगिंग चालू असेल तर स्क्रिप्टमध्ये शब्दशः लिहिलेला पासवर्ड इव्हेंट लॉगमध्ये जाऊन बसतो.

एक्सेल सोडून मग काय? यादी ठेवा, पण फक्त नावांची. स्क्रिप्टने एकेक नाव दाखवावं आणि किंमत तुमच्याकडून तिथल्या तिथे विचारावी, 'रीड-होस्ट'ला 'अ‍ॅज सिक्युअर स्ट्रिंग' लावून. टाइप केलेलं पडद्यावर ताऱ्यांसारखं दिसतं, इतिहासात जात नाही, आणि की व्हॉल्टच्या सेट कमांडला सिक्युअर स्ट्रिंगच हवी असते, म्हणून मध्ये रूपांतराची ओळही नको. पॅनलवरून कॉपी, इथे पेस्ट, पुढचं नाव. तुमची यादी एवढी मोठी नाही की हे जड जावं. आणि डेटाबेसचे पासवर्ड तर माणसाने बघायचेही कारण नाही. स्क्रिप्टनेच लांबलचक यादृच्छिक पासवर्ड तयार करावा, डेटाबेसला द्यावा, व्हॉल्टला द्यावा.

सिक्युअर स्ट्रिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तिची फाइल करून ठेवली की विंडोजवर ती त्याच यूजरला त्याच मशीनवर उलगडते, दुसरीकडे नेली तर उघडत नाही. लिनक्सवर मात्र तसं कूटबद्ध होत नाही, फाइल हाती लागली तर वाचता येते. कुणी पॉवरशेल लिनक्सवर चालवत असेल तर ही युक्ती तिथे नेऊ नये.

यादी करताना हेही ठरवा की सीक्रेट कशाला म्हणायचं. डीएलटीवरचा (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी पोर्टलवरचा) हेडर आणि टेम्प्लेटचा आयडी सीक्रेट नाही, तो साध्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक खाजगी आहेत, पण ती डेटाबेसची वस्तू आहे, व्हॉल्टची नाही. एका सीक्रेटला २५ केबीची मर्यादा आहे आणि त्यात अख्खी खातेदार यादी कोंबायचा प्रयत्न लोक खरंच करतात.

आता मुख्य अडचण, जी तुमच्या प्रश्नात नाही. व्हॉल्टमधून वाचायला काट्यावरच्या मशीनला स्वतःची ओळख पटवावी लागेल. ती ओळख कशाने पटवणार? अ‍ॅप रजिस्ट्रेशन करून (म्हणजे अझुरमध्ये स्क्रिप्टसाठी वेगळी ओळख काढून) त्याचं क्लायंट सीक्रेट, म्हणजे त्या ओळखीचा पासवर्ड, परत टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलंत, तर तिजोरी विकत घेऊन तिची किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगल्यासारखं झालं. फाइलमधले चार पासवर्ड गेले आणि चारही मिळवून देणारा एक पासवर्ड आला. क्लाउडमध्येच चालणाऱ्या मशीनला हा त्रास नसतो, तिला मॅनेज्ड आयडेंटिटी, म्हणजे अझुरनेच सांभाळलेली ओळख, मिळते, पासवर्ड कुठेच लिहावा लागत नाही. जिनिंगच्या ऑफिसातल्या पीसीला ती आपसूक मिळत नाही.

माझा सल्ला हा: काट्यावरच्या मशीनने व्हॉल्टला हातच लावू नये. क्लाउडमध्ये एक छोटं अझुर फंक्शन, म्हणजे बोलावलं की चालणारा प्रोग्राम, ठेवा. काट्याने त्याला फक्त पावती पाठवायची: केंद्र, गाडी नंबर, भरती वजन, रिकामं वजन, भाव. फंक्शन आपल्या मॅनेज्ड आयडेंटिटीने व्हॉल्टमधून एसएमएसची की आणि डेटाबेसचा पासवर्ड वाचतं, नोंद करतं, एसएमएस पाठवतं. काट्यावर उरतं ते त्या केंद्राचं एक टोकन. त्याने पावती पाठवण्यापलीकडे काही होत नाही. उद्या तो कॉम्प्युटर चोरीला गेला किंवा त्यात व्हायरस शिरला तर त्या एका केंद्राचं टोकन बंद करायचं, बाकीच्या केंद्रांना कळायचंही नाही. आज तुमच्या रचनेत एक कॉम्प्युटर गेला तर सगळ्या केंद्रांचं सगळं बदलावं लागेल, तेही ऐन हंगामात, काट्यावरून फोन येत असताना, 'गाड्याईची लाइन लागली ना भाऊ, काय करू?'

फंक्शन लिहायला आत्ता वेळ नाही आणि काट्यावरूनच वाचायचं असेल, तर क्लायंट सीक्रेटऐवजी सर्टिफिकेट वापरा. खाजगी की विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये, बाहेर काढता येणार नाही असं ठरवून बसवा. प्रत्येक केंद्राचं अ‍ॅप रजिस्ट्रेशन वेगळं, रोल फक्त यूजर, आणि केंद्रागणिक वेगळा व्हॉल्ट. नव्या व्हॉल्टला स्वतंत्र भाडं नाही, म्हणून त्यात काटकसर करायचं कारण नाही. व्हॉल्टचं नाव ३ ते २४ अक्षरांचं आणि साऱ्या जगात एकमेव लागतं, तेव्हा नुसतं 'कापूस' मिळेल अशी आशा ठेवू नका.

सर्टिफिकेटच्या वाटेला आपल्याकडे एक खास अडथळा आहे, घड्याळ. लाइन गेली, इन्व्हर्टरही बसला, पीसी बंद पडला, आणि मदरबोर्डवरचा बटन सेल मेलेला असला की परत चालू होताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग एकतर एचटीटीपीएसच जुळत नाही, सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' म्हणतं, किंवा लॉगिनला 'क्लायंट असर्शन वेळेच्या मर्यादेत नाही' असा एएडीएसटीएस ७०००२४ येतो. ऑपरेटर सांगतो नेट नाही, नेटवाला सांगतो नेट आहे. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत सन तपासा. चालू सनाच्या मागे असेल तर मराठीत मोठ्या अक्षरांत 'घड्याळ चुकलं आहे, आधी तारीख नीट करा' दाखवा आणि थांबा. सीआर२०३२चा सेल कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतो.

नेट खरोखर गेलं तर काटा थांबता कामा नये. पावती आधी स्थानिक फाइलमध्ये किंवा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलचा छोटा डेटाबेस) उतरवा, नेट आलं की रांगेतून पाठवा, प्रत्येक पावतीला केंद्राचा कोड आणि अनुक्रम द्या म्हणजे दोनदा गेली तरी शेतकऱ्याला दोन एसएमएस जात नाहीत. वाचणाऱ्या स्क्रिप्टने सीक्रेट सुरुवातीला एकदा घेऊन मेमरीत ठेवावं, दर पावतीला व्हॉल्टकडे धावू नये, आणि लॉगिन नाकारलं गेलं तरच परत वाचावं. त्यामुळे तुम्ही नवी आवृत्ती टाकल्यावर केंद्रावर कुणाला काही बंद-चालू करावं लागत नाही.

दोन सेटिंगं राहिली. सीक्रेटला मुदत देता येते, पण मुदत संपली म्हणून व्हॉल्ट ते द्यायचं थांबवत नाही, ती माहितीपुरती असते. खरं बंद करायचं तर आवृत्ती डिसेबल करा आणि ज्याने की दिली त्याच्याकडेही रद्द करा. मुदतीचा उपयोग आठवणीसाठी आहे, संपायच्या ३० दिवस आधी इव्हेंट ग्रिडला, म्हणजे अझुरच्या घडामोडी कळवणाऱ्या सेवेला, सूचना जाते. आणि ऑडिट लॉग आपोआप साठत नाही, डायग्नॉस्टिक सेटिंगमध्ये जाऊन अझुरच्या लॉग साठवणाऱ्या सेवेकडे, लॉग अ‍ॅनालिटिक्सकडे वळवावा लागतो. वळवलात तर कुठल्या ओळखीने, कुठल्या आयपीवरून, कधी वाचलं हे दिसतं. रात्री दोन वाजता काटा बंद असताना वाचन झालं असेल, तर ते तिथेच कळेल.

मालकांना खर्चाचं सांगा: स्टँडर्ड व्हॉल्टमध्ये सीक्रेटचा दर १०,००० व्यवहारांना ०.०३ डॉलर आहे, ठेवण्याचं वेगळं भाडं नाही. वर सांगितल्याप्रमाणे मेमरीत ठेवलंत तर महिन्याचं बिल काट्यावरच्या एका चहाएवढंही होणार नाही. अ‍ॅमेझॉनच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये दर सीक्रेटला महिन्याला ०.४० डॉलर पडतात. तिथेच पॅरामीटर स्टोअरचा साधा प्रकार फुकट आहे, ४ केबीपर्यंत, आणि तुमच्यासारख्या कामाला तोही पुरतो. पण तुमचा डेटाबेस अझुरवर आहे, तेव्हा इकडेच राहा. व्हॉल्ट डेटाबेसच्याच रीजनमध्ये, म्हणजे 'सेंट्रल इंडिया'त करा. नाव वाचून नागपूर डोळ्यांसमोर आलं असेल तर सांगतो, ते पुण्यात आहे.